मूल आणि सावली यांच्यामधलं गाव

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, मूलच्या राइस मिलचे मालक आदरणीय दादाजी पाटील, प्रमुख पाहुण्या, कन्याशाळेच्या मुख्याध्यापिका इंदुताई, आमच्या वनश्री मोटर सर्व्हिसचे मॅनेजरसाहेब, सत्कारमूर्ती श्री. लटारूभाऊ मोहुर्ले आणि त्यांच्या सौभाग्यवती मनकर्णाबाई. चांदा ते व्याहाड या मार्गावरचे माझे ड्रायव्हर, कंडक्टर आणि मेकॅनिक बंधू. खेडी गावाहून तीन बैलगाड्या जुंपून आलेली पाहुणेमंडळी. आणि खुर्च्या न पुरल्यामुळे भिंतीला पाठ टेकून उभ्या असलेल्या माझ्या सज्जन श्रोत्यांनो,

मला दहा मिनिटं दिलेली आहेत. मी या मूलच्या स्टँडवरचा टाइमकीपर. माझं भैयाजी हे नाव आता फक्त हजेरीपटात उरलं आहे, बाकी सारा तालुका मला टायमबाबू म्हणतो. तेव्हा मी दहाची अकरा मिनिटं केली, तर उद्यापासून एकही ड्रायव्हर मला उशिराचं कारण सांगणार नाही, आणि ते रास्तच होईल. पण मी आधीच कबूल करतो, की आज माझी गाडी थोडी लेट होणार आहे.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी लटारूभाऊंच्या बावीस वर्षांच्या सेवेचा गौरव केला. बावीस वर्षांत गाडी एकदाही नाल्यात गेली नाही, चिचपल्लीच्या जंगलात वाघ आडवा आला तेव्हा त्यांनी हॉर्न न वाजवता वाट पाहिली, हे सगळं आपण ऐकलं. मी त्यात भर घालत नाही. आपण मघापासून एक गोष्ट पाहिली असेल, किंवा पाहूनही लक्षात आली नसेल. आपण टाळ्या वाजवल्या की लटारूभाऊ अगदी वेळेवर हात जोडतात. टाळ्या थांबल्या की हात खाली घेतात. तुम्हाला वाटेल, माणूस किती नम्र आहे. नम्र तर ते आहेतच. पण त्यांच्या मागच्या खुर्चीवर कंडक्टर दसरू मडावी बसला आहे, त्याचा हात कुठे आहे ते बघा. त्यांच्या पाठीवर आहे. एक थाप म्हणजे हात जोडा, दोन थापा म्हणजे आता सोडा. दसरूला स्टेजवर बसवावं, एवढी एकच अट लटारूभाऊंनी या सत्काराला घातली होती.

लटारूभाऊंना ऐकू येत नाही. मी आता बोलतो आहे, ते त्यांना ऐकू येत नाही. इंदुताईंनी त्यांच्यावर इतकं सुंदर भाषण केलं, त्यातलं एक अक्षर त्यांच्यापर्यंत पोचलेलं नाही. तरीही ते हसले, कारण तुम्ही हसलात.

हे कसं झालं, ते इथे बसलेल्या प्रत्येक ड्रायव्हरला ठाऊक आहे आणि कोणी बोलत नाही. आपल्या गाड्यांचं इंजिन ड्रायव्हरच्या डाव्या मांडीला लागून असतं. वर पत्र्याचं झाकण, झाकणावर जुनं पोतं. आठ-दहा तास तो खडखडाट डाव्या कानात ओतला जातो, म्हणून डावा कान आधी जातो. आमच्या लायनीतले ड्रायव्हर लग्नाच्या पंगतीत नेहमी डाव्या टोकाचं पान धरतात, हे कधी पाहिलंत का? सगळी माणसं उजव्या अंगाला यावीत म्हणून. आणि बोलतात कसे? एका ड्रायव्हरनं दुसऱ्याला राम राम केला, तर नवख्या माणसाला वाटावं की भांडण लागलं. मनकर्णाबाई एकदा मला म्हणाल्या होत्या, "बाबू, आमच्या घरी काहीच लपत नाई. हे माह्यासंगं मिठाचं बोलते, त अर्ध्या खेडीले मालूम पडते." आम्ही सगळे तेव्हा हसलो होतो.

आता चाचणीकडे येतो. गोष्ट तिथेच आहे.

आमच्या कंपनीचा नियम आहे. दर जानेवारीत ड्रायव्हरांच्या कान-डोळ्यांची तपासणी व्हायची. त्यासाठी एक डॉक्टर यायचे. ते आता या भागात नसतात, वय झालं, मुलाकडे गेले. डोळ्यांसाठी ते स्टँडच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावायचे. कानासाठी पद्धत अशी, की ड्रायव्हरनं डॉक्टरांच्या टेबलाकडे तोंड करून उभं राहायचं, आणि त्याच्या पाठीमागे पंधरा पावलांवरून कोणीतरी हळू आवाजात शब्द उच्चारायचे. ड्रायव्हरनं ते मोठ्यानं परत म्हणायचे. ज्या वर्षी ही पद्धत सुरू झाली, त्या वर्षी डॉक्टरांचा घसा बसला होता. ते मला म्हणाले, "टाइमकीपर, तुमचा आवाज रोजच्या सवयीचा आहे. तुम्हीच शब्द म्हणा."

आता मला सांगा, दिवसभर स्टँडवर उभं राहून गाड्या पुकारणाऱ्या माणसाच्या तोंडी कोणते शब्द येतील? मी म्हणालो: चांदा. लोहारा. चिचपल्ली. केळझर. मूल. खेडी. सावली. व्याहाड.

आठ शब्द. आठही थांबे, आणि तेही ओळीनं. पहिल्या वर्षी म्हटले, दुसऱ्या वर्षी तेच म्हटले, पुढे तीच रीत पडली. कोणाच्या डोक्यात आलं नाही, की ज्या माणसानं तो रस्ता हजारो वेळा तुडवला आहे, त्याला ही नावं ऐकावी लागतच नाहीत. तुम्ही एखाद्या वारकऱ्याची परीक्षा घ्यायला त्यालाच हरिपाठ विचाराल का? पण आम्ही विचारत होतो. डॉक्टरांच्या हातात पेन्सिल असायची. माझे ओठ हलले, की ते पेन्सिल उचलायचे. खरं सांगायचं, तर स्टँडच्या गलक्यात पंधरा-वीस पावलांवरचा माझा आवाज डॉक्टरांनाही ऐकू येत नसावा, तेही पासष्टीचे होते. ते माझे ओठ पाहायचे, लटारूभाऊ त्यांची पेन्सिल पाहायचे. पेन्सिल उचलली की पुढचं गाव. शेवटी डॉक्टर मान वर करून मला विचारायचे, "बरोबर?" मी म्हणायचो, "बरोबर." कागदावर सही व्हायची.

हसा, हसण्यासारखंच आहे. मीही हसलो असतो.

पंचावन्न सालच्या जानेवारीची गोष्ट. त्या दिवसांत खेडीच्या अलीकडच्या नाल्यावर मोरीचं काम निघालं होतं. गाड्या आडवाटेनं सावलीला जायच्या आणि खेडीचा थांबा बंद होता. माझ्या खोलीबाहेर थांब्यांचा फळा आहे, तो आपण पाहिला असेल. त्यावरून मी खेडीचं नाव पुसलं होतं. माझा स्वभाव असा आहे, की जो थांबा फळ्यावर नाही, तो माझ्या तोंडी येत नाही. याला काही लोक काटेकोरपणा म्हणतात आणि काही लोक दुसरं काही म्हणतात.

तपासणीला पहिला नंबर लटारूभाऊंचा होता, कारण सात वाजून दहाची व्याहाड गाडी त्यांची. मी पाठीमागे उभा राहिलो. चांदा म्हणालो, ते चांदा म्हणाले. असं करत केळझर, मूल झालं. मग मी म्हणालो, सावली.

लटारूभाऊ म्हणाले, "खेडी."

पेन्सिल उचलली गेली होती आणि मूलनंतर खेडी येते. आजवरच्या एकाही तपासणीत त्यांनी मूलवरून उडी मारून सावली गाठली नव्हती. शिवाय खेडी त्यांचं स्वतःचं गाव. आपलं गाव कोण गाळील?

मी पुढे व्याहाड म्हणालो. ते म्हणाले, "सावली." मग माझे शब्द संपले, आणि त्यांच्याजवळ एक गाव शिल्लक राहिलं. ते पेन्सिलीची वाट पाहत उभे राहिले. डॉक्टर कागदावर काही लिहीत होते. त्यांनी मान वर केली आणि नेहमीसारखं विचारलं, "बरोबर?"

त्या क्षणी मला सगळं समजलं. मला हेही समजलं, की दसरू मडावी रोज केळझरच्या अलीकडे, जंगलातल्या उघड्या रेल्वे क्रॉसिंगवर गाडी थांबवून खाली का उतरतो, दोन्हीकडे रूळ न्याहाळून मगच बॉनेटवर थापा का मारतो. दुसऱ्या कोणत्याच गाडीचा कंडक्टर असं करत नसे. त्यापायी ती गाडी रोज दोन मिनिटं लेट यायची, आणि मी दसरूकडून तीनदा लेखी खुलासा मागितला होता. तिन्ही खुलाशांत त्यानं एकच वाक्य लिहून दिलं होतं: रूळ पाहावा लागतो. मी त्यावर शेरा मारला होता, की खुलासा असमाधानकारक.

डॉक्टरांनी विचारलं, "बरोबर?" आणि मी म्हणालो, "बरोबर."

आपल्यापैकी काहींच्या मनात आलं असेल, की टायमबाबूंनी दया दाखवली, एका गरीब माणसाचं पोट वाचवलं. मलाही तसं समजायला आवडलं असतं. पुढे बरेच दिवस मी तशी स्वतःची समजूत घालून पाहिली. पण खरं तसं नव्हतं. तेव्हा सात वाजून पाच मिनिटं झाली होती. गाडीत माणसं भरलेली. मी "चूक" म्हटलं असतं, तर सात-दहाच्या गाडीला ड्रायव्हर कुठून आणायचा होता? माझ्या डोक्यात सात-दहा होतं. तपासणी कान-डोळ्यांची होती, आणि मी केला तो कानाडोळा.

गाडी सात वाजून अकरा मिनिटांनी सुटली.

त्यानंतर मी कोणाला बोललो नाही. आज बोलू, उद्या बोलू, असं पहिले काही दिवस वाटलं. मग काही झालं नाही, म्हणून न बोलणंच बरं वाटू लागलं. गाडी नेहमीसारखी दोन मिनिटं लेट येत होती. दसरूकडे मी खुलासा मागणं तेवढं बंद केलं. छप्पन्नच्या आणि सत्तावन्नच्या जानेवारीत पुन्हा तपासणी झाली. तोवर खेडीचा थांबा फळ्यावर परत आला होता. आठही नावं ओळीनं, आणि शेवटी बरोबर. त्या दोन्ही वेळी मी आठ शब्द मुकाट्यानं म्हटले, आणि मूलनंतर खेडी म्हणताना माझा आवाज जरा जास्तच स्पष्ट निघाला. हे मी आज सांगतो आहे, तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं की मी तसं करतो आहे.

एक गोष्ट मात्र मला नंतर दसरूनं समजावली. लटारूभाऊ बहिरे होते, पण बेसावध नव्हते. गाडी मागे घेताना दसरू पाठीमागे उभा राहतो आणि पत्र्यावर थाप मारतो. एक थाप थांबा, दोन थापा येऊ द्या. ही थाप लटारूभाऊ पाठीनं ऐकायचे. पत्रा हालला, की सीटची लाकडी पाठ हालते. दसरूच्या शब्दांत सांगायचं, तर "ते कानानं नाई आयकत जी, गाडीनं आयकते."

सत्तावन्नच्या मे महिन्यात, तेंदूपत्त्याच्या हंगामात, व्याहाडच्या घाटावर गाडी वळवायची होती. आपल्याला माहीत आहे, की उन्हाळ्यात वैनगंगेची वाळू तुडवून माणसं पलीकडे जातात आणि गडचिरोलीची गाडी पलीकडच्या तीरावर उभी असते. इकडची गाडी तिथेच, आंब्याच्या झाडाखाली मागे घेऊन फिरवावी लागते. त्या दिवशी मागच्या बाजूला टपापर्यंत तेंदूपत्त्याची पोती रचली होती. दसरूनं थांबण्याची थाप मारली. ती पोत्यांत जिरली. सीटपर्यंत काहीच आलं नाही. त्यानं दुसरी थाप मारली, आणि लटारूभाऊंपर्यंत जे काही पोचलं, ते बहुधा दोन थापा म्हणून पोचलं. दसरू ओरडला असेल. तिसऱ्या थापेला त्याचा उजवा हात गाडीचा पत्रा आणि आंब्याचं खोड यांच्यामध्ये होता.

दसरूला उजव्या हाताला आता तीन बोटं आहेत. आपल्या सगळ्यांना दसरूनं तिकिटं दिली आहेत, तेव्हा हे आपण पाहिलेलं आहे. हे कसं झालं, ते आपल्याला माहीत नाही, कारण रिपोर्टमध्ये लिहिलं आहे की कंडक्टरचा पाय वाळूत घसरला. तो रिपोर्ट मी लिहिला आणि दसरूनं सांगितला. मी त्याला दोनदा विचारलं, की तू थाप मारली होतीस का? तो त्याच्या गोंडीत एवढंच म्हणाला, "हिल्ले." म्हणजे, नाही. हातावर फडकं बांधलेलं होतं, रक्त अजून थांबलेलं नव्हतं, आणि तो मला सांगत होता की नाही. मी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. पुढच्या गाडीला बारा मिनिटं होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी लटारूभाऊ माझ्या खोलीत आले आणि त्यांनी गाडीची चावी माझ्या टेबलावर ठेवली.

ते म्हणाले, "बाबू, मले आयकू येत नाई."

बाहेर दहा-बारा माणसं उभी होती, सगळ्यांनी ऐकलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहून विचारलं, "तुमाले मालूम होतं काय?"

मराठीत एक वाक्प्रचार आहे, कानावर हात ठेवणे. मी हात ठेवले नाहीत. मी फक्त मान हलवली, उजवीकडून डावीकडे आणि डावीकडून उजवीकडे. ज्याला ऐकू येत नाही, त्याला मान फार स्पष्ट दिसते. लटारूभाऊ म्हणाले, "बरं," आणि गेले. मॅनेजरसाहेबांनी त्यांना घरी न बसवता टायरच्या शेडमध्ये काम दिलं, याबद्दल मी सर्वांच्या वतीनं साहेबांचा आभारी आहे. तिथे त्यांनी एक वर्ष काढलं. रोज येता-जाता ते मला राम राम करायचे. मी रोज उत्तर द्यायचो, आणि ते उत्तर त्यांना ऐकू येत नाही याचं मला, लाज वाटते सांगायला, बरं वाटायचं.

अध्यक्षमहाराज, माझी दहा मिनिटं संपली आहेत. मी फळ्यावर स्वतःचं नाव लेट म्हणून लिहीन. पण आता गाडी अर्ध्या वाटेवर सोडता येणार नाही.

परवा मी या समारंभाचं आमंत्रण द्यायला खेडीला गेलो होतो. लटारूभाऊ शेताच्या धुऱ्यावर बसून विळ्याला धार लावत होते. मनकर्णाबाईंनी चहा आणला. मी हातवारे करून सांगितलं, की सत्कार आहे, शनिवारी, हार घालायचे आहेत. ते म्हणाले, समजलं, कार्ड आलं होतं. मी उठायला लागलो, तेव्हा ते विळ्यावरची नजर न काढता म्हणाले, "बाबू, पंचावन्न साली तुमी खेडी नोयते म्हनले."

त्यांच्या बोलण्याचा आवाज आपल्याला माहीत आहे. बांधापलीकडे निंदण करणाऱ्या बायकांनीही माना वर केल्या. मी परत खाली बसलो. मी बोटानं विचारलं, की कसं कळलं?

ते म्हणाले, "त्या सांजेले कळलं जी. गाडी आठ दिवसापासून खेडीले जात नोयती. तुमी फळ्यावरून नाव पुसलं होतं. जे नाव तुमी फळ्यावरून पुसता, थे तुमच्या तोंडातून निघत नाई, हे मले मालूम आहे. मंग तुमी खेडी म्हनलेच नसान. अन् मी त म्हनलं. मी हिले म्हनलं, बाबूले समजलं, आता उद्या बोलावते. दुसऱ्या दिवशी कोनी बोलावलं नाई."

मनकर्णाबाईंनी मान हलवली. त्या आठ दिवस वाट पाहत होत्या, म्हणाल्या. यांचा डबा बांधायचा की नाही, हेच त्यांना रोज कळत नव्हतं.

मग लटारूभाऊंनी जे सांगितलं, त्यासाठी मी आज इथे उभा आहे. ते म्हणाले, "आठ दिवसानं मी म्हनलं, बाबू टायमाचा पक्का मानूस आहे. एका मिनिटाची चूक सोडत नाई. त्याले समजूनही थो बराबर म्हनते, त माह्या कानात तेवढं आयकू येत असंन, गाडीपुरतं. तुमच्या बराबरवर मी दोन वर्सं गाडी चालवली, बाबू."

ते विळ्याला पुन्हा धार लावू लागले. बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मग ते म्हणाले, "तुमी त्या दिवशी चूक म्हनले असते, त दसरूचे बोटं..." आणि विळा खाली ठेवला.

त्या बोटांचा हिशेब कोणाच्या खात्यावर लिहायचा? लटारूभाऊंनी तो आपल्या खात्यावर लिहिला आणि चावी टेबलावर ठेवली. दसरूनं तो वाळूच्या खात्यावर लिहिला, कारण त्याला आपल्या ड्रायव्हरला वाचवायचं होतं. तो माझ्या खात्यावर असायला हवा होता, हे त्या दोघांनाही ठाऊक होतं, आणि दोघंही मला राम राम करत राहिले.

मी निघालो तेव्हा लटारूभाऊ सोबत गाडीवाटेपर्यंत आले. मी त्यांना खुणेनं सांगितलं, की हे मी समारंभात सांगणार आहे. ते म्हणाले, "सांगा. पन माह्याकडे तोंड करून सांगा. पाठीमागून नोका सांगू."

आता आभाराचे दोन शब्द बोलतो आणि मग त्यांचं ऐकतो. अध्यक्षांनी वेळात वेळ काढला, इंदुताई चार कौतुकाचे शब्द बोलल्या, मॅनेजरसाहेबांनी समारंभाला परवानगी दिली आणि आजची संध्याकाळची एक गाडी त्यासाठी रिकामी ठेवली, याबद्दल मी ऋणी आहे. मॅनेजरसाहेबांना जाहीरपणे एक विनंती आहे. या मार्गावर अकरा ड्रायव्हर आहेत. मघाशी मी डाव्या टोकाच्या पानाचं बोललो, तेव्हा त्यातल्या आठ जणांनी खाली पाहिलं, आणि मी ते पाहिलं. पुढच्या जानेवारीत चाचणीला गावांची नावं नकोत, दुसरे कोणतेही शब्द घ्या. आणि ते म्हणायला माझ्याऐवजी दुसरा माणूस उभा करा. ज्याचे कान गेले असतील, त्याला घरी न बसवता कुठेतरी काम द्या, जसं लटारूभाऊंना दिलंत. म्हणजे कोणाला पेन्सिलीकडे पाहावं लागणार नाही.

भाषणाच्या शेवटी चूकभूल माफ करावी, असं म्हणण्याची पद्धत आहे. मीही दर वर्षी म्हणतो. आज आधी एका गैरशिस्तीची माफी मागतो. आता माझी पाठ अध्यक्षांकडे आणि आपणा सर्वांकडे होणार आहे. लाऊडस्पीकरही माझ्या तोंडासमोर राहणार नाही. मागच्या लोकांना ऐकू आलं नाही, तर त्यांनी ते चालवून घ्यावं. हे आपल्यासाठी नाही.

दसरू, एक थाप. त्यांना इकडे पाहू दे.

लटारूभाऊ. मूल. सावली. मी खेडी म्हटलं नव्हतं. तुम्ही खेडी म्हणालात, आणि मी बरोबर म्हणालो. ते बरोबर नव्हतं. चूक होतं. मला त्याच वेळी माहीत होतं. मागच्या वर्षी तुम्ही विचारलंत, तेव्हाही माहीत होतं. मला क्षमा करा. दसरू, तूही कर.

मी पुन्हा सांगू? कळलं?

बरं.

मंडळी, लटारूभाऊ म्हणाले की कळलं, आणि गाडीची वेळ झाली. बाहेर गाडी उभी आहे, हार घातलेली. ती आज लोहारा-चिचपल्लीकडे जाणार नाही, व्याहाडलाही जाणार नाही. तिला एकच थांबा आहे, आणि तो मी आज सकाळी फळ्यावर माझ्या हातानं लिहिला आहे. खेडी.

दसरू, दोन थापा.